उकंडरावांचा मुतखडा

पुसेगावच्या पंचक्रोशीत एखादा गोऱ्हा वयात आला, शेजारच्या गाईंकडे माना वेळावून बघायला लागला आणि औताला जुंपला तर बांधाकडे ओढ घ्यायला लागला, की मालक म्हणायचा, "आता उकंडरावाला बोलवा."

उकंडराव यायचे. खांद्यावर उपरणं, काखेत फडक्यात गुंडाळलेला लाकडी चिमटा आणि मागे दोरखंड घेतलेला तांड्यावरचा हिरासिंग. हिरासिंग दोन वेढ्यांत गोऱ्हा आडवा करायचा. पुढचं उकंडरावांचं काम मालकाची विडी विझायच्या आत आटपायचं. खाली पडलेला गोऱ्हा उठायचा तो बैल होऊन उठायचा.

दवाखान्यातले लोक याला खच्ची करणं म्हणत, गावातले लोक ठेचणं म्हणत. उकंडरावांना दोन्ही शब्द आवडत नसत. ते म्हणत, 'शहाणा करणं'. "काल गोरेगावात तीन शहाणे केले," असं ते पारावर सांगत, तेव्हा नव्या माणसाला वाटावं, यांनी तिथं शाळाच काढली. त्यांना स्वतःचं सोळा एकर रान होतं, त्यामुळं या कामाचं ते काही घेत नसत. नारळ आणि दुपारचं जेवण, बस्स. हाताला यश होतं. त्यांनी शहाणा केलेला बैल सुजून मेला, असं निजामाच्या राज्यात कुणी म्हणालं नसतं.

हात चांगला होता. जीभ तशी नव्हती. त्यांच्या रानाला लागून तातेरावांचं रान. तातेराव आणि चतुराबाई या जोडप्याला मूलबाळ झालं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तातेरावांना म्हणालं, "दुसरी बायको काहून करून घेत न्हाईस?" तातेराव काही बोलायच्या आत, बुंदीचा घास तोंडात असलेले उकंडराव म्हणाले, "दुसरी करून काय करंल? त्याला देवानंच शहाणा करून धाडलंय!"

पंगत अशी हसली, की वाढप्याच्या हातातलं वरण सांडलं. त्या दिवसापासून तातेरावांचं नाव 'शहाणे' पडलं. पुढं तर अर्थ माहीत नसलेली लेकरंसुद्धा "शहाणेकाका" म्हणू लागली आणि तातेराव ओ देऊ लागले. चतुराबाई मात्र त्यानंतर कुणाच्या लग्नाला गेल्या नाहीत. हे उकंडरावांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आपण एक चांगला विनोद केला, एवढंच त्यांना आठवत होतं.

जर्मन-जपानची मोठी लढाई संपली त्या साली उकंडराव साठी ओलांडून दोन-तीन वर्षं पुढं गेले असतील, आणि त्यांचं एक खाजगी दुखणं सुरू झालं. पूर्वी बांधावर उभं राहिलं की काम होत असे. आता उभं राहिल्यावर समोरच्या तुरीच्या ओळी मोजून व्हायच्या, उलट्या मोजून व्हायच्या, तेव्हा कुठं चार थेंब. धोतराची गाठ मारून दहा पावलं चाललं, की पुन्हा तेच. पारावर बसलेला हा माणूस तासात तीनदा उठायला लागला. कंबरेत एक ठणका बसला तो वेगळाच.

सांगायचं कुणाला? बेंबीच्या खालच्या पुरुषाच्या दुखण्याला गावात एकच नाव होतं, परमा. आणि परमा आपोआप होत नाही, माणूस तो कुठून तरी घेऊन येतो, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. उकंडरावांनी आपलं सगळं आयुष्य चाळून पाहिलं. औंढ्याच्या जत्रेत एकदा तमाशा पाहिला होता, पण तोही पार मागं उभं राहून. नुसत्या बघण्यानं होतो का? ते द्वारकाबाईंनासुद्धा विचारता येईना. उलट त्यांनीच एकदा हटकलं, "काय वं, सारखे काहून उठून राहिले?"

"ढोरं बघतो."

"ढोरं गोठ्यात हायेत. तुमी तर वाड्याच्या मागं जाता."

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. हिंगोलीला ढोरांच्या दवाखान्यात सलोत्री होते, म्हणजे ढोरांचे डॉक्टर. उकंडरावांच्या हाताची कीर्ती त्यांच्या कानावर होती. उकंडराव त्यांच्याकडं गेले आणि म्हणाले, "साहेब, बैलाला तकलीफ हाय."

"क्या तकलीफ?"

"मुततच न्हाई बराबर. उभा राहतो, जोर करतो, थेंब थेंब पडतो. पुन्यांदा उभा राहतो. आन् कंबर दुखते."

सलोत्र्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कंबर दुखते, हे बैलानं सांगितलं?"

"चालण्यावरून कळतंय ना, साहेब."

"बैल घेऊन या. मुतखडा असेल. तो अडकून पिशवी फुटली तर बैल जाईल."

आता बैल आणणं आलं. चार दिवसांनी उकंडराव पाखऱ्या नावाचा आपला धडधाकट बैल घेऊन हिंगोलीला पोचले. दवाखान्याच्या दारात पाखऱ्या उभा राहिला. सलोत्री त्याच्या पोटाखाली वाकले, आणि त्याच क्षणी पाखऱ्यानं शेपूट बाजूला घेऊन अशी काही धार सोडली, की साहेबांचे बूट, विजार आणि हातातली वही एकदमच भिजली. ती धार थांबेचना. उकंडराव तिच्याकडं बघत राहिले. एवढा हेवा त्यांना आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

सलोत्र्यांनी बूट झटकले. रागवायला हवं होतं, पण ते उकंडरावांच्या तोंडाकडं बघून थांबले.

"बैल तो अच्छा है, पाटील," ते हळूच म्हणाले. "मालिक का क्या हाल है?"

उकंडरावांनी मान खाली घातली. कासऱ्याला गाठ नसताना ती सोडवू लागले.

सलोत्र्यांनी त्यांना माणसांच्या दवाखान्यात स्वतः नेऊन सोडलं. पाखऱ्या बाहेर लिंबाला बांधला. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं विचारलं, पोट दाबून पाहिलं, मग म्हणाले, "कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या." आणि हातात रबरी मोजा चढवू लागले.

सलोत्री गाईला तपासतात ते उकंडरावांनी शंभरदा पाहिलेलं होतं. ते ताडकन उठून बसले. "डॉक्टर, मी गाभण न्हाई!"

डॉक्टर हसले, पण मोजा काढला नाही. "गाठ तिथूनच बोटाला लागते, काका. दुसरा रस्ता देवानं ठेवला नाही."

ते अर्धं मिनिट उकंडरावांनी भिंतीवरच्या एका पालीकडं बघत काढलं. पालसुद्धा आपल्याकडं बघते आहे, असं त्यांना वाटलं. पुढं कित्येक महिने घरात पाल दिसली, की ते नजर चुकवत.

डॉक्टरांनी हात धुतले आणि खुर्ची जवळ ओढली. आता ते हसत नव्हते.

"काका, नाकाच्या शेंड्याला बोट लावा. कसं लागतं?"

"मऊ."

"पुरुषाच्या पिशवीच्या तोंडाशी एक गाठ असते, सगळ्यांनाच असते. म्हातारपणी ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. पण वाढली तरी अशीच लागते, नाकासारखी. आता कपाळाला लावा."

उकंडरावांनी कपाळाला बोट लावलं.

"तुमची अशी लागते आहे. दगड. खाचखळग्याची. आणि कंबर दुखते म्हणता, ते मला आवडलं नाही. हे बहुतेक सरतान आहे."

"सैतान?"

"सैतान नव्हे, सरतान. इंग्रजीत कॅन्सर म्हणतात. म्हणजे खेकडा. एका जागी बसतो आणि नांग्या लांबवर नेतो. हाडापर्यंत नेल्यात का, ते इथं कळणार नाही. हैदराबादला जावं लागेल. तिथं हाडांचा फोटो काढतील, रक्त तपासतील."

"म्हंजे... परमा न्हाई?"

"नाही."

"तमाशा पाहून झालेलं न्हाई?"

"तमाशा पाहून गुडघे दुखतात, काका. दुसरं काही होत नाही."

आपण पाप केलेलं नाही, या आनंदात उकंडराव इतके होते, की आपण मरू शकतो, हे कळायला त्यांना पुसेगावपर्यंतचा रस्ता लागला.

गावात सांगितलं, हैदराबादला द्वारकाबाईंच्या मावसभावाकडं लग्न आहे. नवरा-बायको हिंगोलीहून गाडीत बसले, पूर्णेला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दवाखान्याच्या दारात उतरले. लघवी तुंबली होती, ती आधी रबरी नळीनं काढली. मग पुन्हा तेच कुशीवर वळणं, पण या वेळी एका मागून एक तिघे. मग काचेवर हाडांचा फोटो. मग रक्त. आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मोठे सर्जन खाटेपाशी आले. त्यांना मराठी येत नव्हती, उकंडरावांना त्यांची दरबारी उर्दू निम्मी कळत होती. म्हणून सोबत नांदेडकडची एक नर्स आली होती, नर्मदाबाई. पन्नाशीच्या, गंभीर, कपाळावर आठी घेऊन फिरणाऱ्या बाई.

सर्जन बोलले. नर्मदाबाईंनी सांगितलं, "साहेब म्हणतात, तेच आहे. कंबरेच्या हाडात डाग दिसतात. गाठ कापून उपयोग नाही, ती बाहेर गेली आहे."

"मंग?"

सर्जन पुन्हा बोलले, बराच वेळ. नर्मदाबाई ऐकता ऐकता लाल झाल्या. "साहेब म्हणतात, की या गाठीला खाद्य लागतं. ते खाद्य तयार होतं... दुसरीकडे. ते बंद केलं, तर गाठ वाळते. अमेरिकेत एका डॉक्टरनं शोधलंय. चार-पाच वर्षंच झाली."

"कुठं तयार होतं खाद्य?"

नर्मदाबाईंनी छताकडं पाहिलं. खिडकीकडं पाहिलं. "पुरुषाचे जे... म्हणजे आपलं जे... बी असतं ना..."

"बियाणं?"

"ते साठवायची जी जागा..."

"कणगी?"

"अहो, कणगी नव्हे हो!" बाई रडकुंडीला आल्या. सर्जन त्यांच्याकडं, मग उकंडरावांकडं बघत होते. त्यांनी न राहवून हातानंच एक खूण केली. दोन बोटं कात्रीसारखी मिटली.

उकंडरावांनी ती खूण ओळखली. ती त्यांच्या धंद्यातली होती.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "मला शहाणा करणार."

नर्मदाबाईंना शब्द कळला नाही. उकंडरावांनी उशीला पाठ टेकवली, आणि मग, नुसतं गप्प बसवत नाही म्हणून असेल, एक एक विचारायला लागले. चिमट्यानं का कापून? भुलीचं औषध सुंगवून का तसंच? सूज किती दिवस? नर्मदाबाई दोन्हीकडून भाषांतर करत होत्या. सर्जन चकित झाले, की या खेडुताला इतकं कसं कळतं. त्यांनी विचारलं, जनावरात नंतर काय फरक पडतो? उकंडरावांनी सगळं सांगितलं: मानेचा गड्डा बसतो, अंगावर मांस चढतं, आवाज बदलतो, डोळ्यांतली रग जाते. सर्जन मान डोलावत ऐकत होते. सांगून झाल्यावर उकंडरावांच्या लक्षात आलं, की आपण हे कुणाबद्दल बोलत होतो.

आणि त्या क्षणी त्यांना आपली मुलं आठवली नाहीत, रान आठवलं नाही. आठवली ती पंगत. सांडलेलं वरण, हसून हसून मागं पडलेले लोक, आणि पत्रावळीकडं बघत मुकाट बुंदी कालवणारे तातेराव. बुंदी कुणी कालवतं का? तातेरावांनी कालवली होती. हे आपल्याला दिसलं होतं तर!

द्वारकाबाई व्हरांड्यात भाकरीचं गाठोडं सोडून बसल्या होत्या. उकंडराव नळी सांभाळत त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"काय म्हणले डाक्तर?"

"मला... बैल करायचं म्हणून राहिले."

द्वारकाबाईंनी भाकरी मोडली. अर्धी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आन् न्हाई केलं तर?"

"तर पावसाळा दिसणार न्हाई."

"बैल केल्यावर जगतो का न्हाई?"

"जगतो."

"औत वढतो?"

"वढतो की."

"मंग काय विचारून राहिले मला? गोऱ्हे व्हते तवा तरी तुमी कोणतं मोठं रान नांगरून ठेवलं!"

उकंडरावांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. द्वारकाबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं आणि दुसरीकडं तोंड करून विचारलं, "दुखंल का वं?"

याचं उत्तर त्यांना माहीत असायला हवं होतं. तीस वर्षांत मालकांनी किती वेळा विचारलं असेल, 'दुखतंय का हो त्याला?' आणि ते दर वेळी म्हणायचे, 'ढोराला काय कळतंय.' आता बायकोला तसं म्हणता येईना.

"न्हाई," ते म्हणाले. "इथं सुंगवून करतात."

झालं. आणि नवल असं, की कंबरेचा ठणका चार दिवसांत गेला. असा गेला, की उकंडराव उठून बसले आणि इकडं तिकडं चाचपून पाहू लागले, कुठं सांडला की काय. पंधरवड्यानं नळी काढली. सर्जननं नर्मदाबाईंकडून स्पष्ट सांगितलं: खेकडा मेला नाही, उपाशी पडला आहे. वर्षं मिळतील, किती ते कुणी सांगू नये. कंबर दुखली, लघवी अडली, तर पुन्हा यायचं. आणि जाता जाता असंही म्हणाले, की लोक फार उशिरा येतात. लाजतात. तुमच्या भागात असं कुणी असेल तर त्याला लवकर पाठवा.

"सांगतो," उकंडराव म्हणाले. मनात म्हणाले, जीव गेला तरी सांगणार नाही.

परतीच्या गाडीत त्यांना एकच घोर लागला होता. महिनाभराचं लग्न कुणाचं असतं? गावात काय सांगायचं? विचार करता करता पूर्णेच्या स्टेशनात त्यांना उत्तर सापडलं. मुतखडा! किती अब्रूदार दुखणं! त्यात पाप नाही, लाज नाही, आणि पाणी कमी पिण्याखेरीज माणसाचा गुन्हा नाही. फक्त एक अडचण होती. मुतखडा काढला म्हटलं की गाव तो बघायला मागणार. उकंडरावांनी रुळाच्या कडेनं हिंडून एक दगड निवडला, धोतराला पुसला आणि बायकोला दाखवला.

द्वारकाबाईंनी तो तळहातावर घेतला. सुपारीएवढा होता. "येवढा? निदान बारका तरी घ्या. माणसातून निघाला म्हणायचं का खदानीतून?"

पण उकंडरावांना महिनाभराच्या दवाखान्याला शोभेल असाच दगड हवा होता. त्यांनी तोच घेतला.

गावानं तो दगड आठ दिवस पाहिला. हातोहात फिरवला, वजन केलं, एकानं चाटूनही पाहिला. "कसा निघाला?" लोक विचारत. एकदा खोटं सुरू झालं की ते थांबवायचा चिमटा नसतो. उकंडराव म्हणाले, "कुळथाचं कढण प्यालो, तवा सैल झाला. मंग डाक्तरनं वढला." आणि पुसेगावात कुळीथ शिजायला लागला. ज्याला ज्याला दोनदा उठावं लागत होतं, तो तो कढण प्यायला लागला. गावात कुळीथ मिळेनासा झाला. उकंडरावांना सुरुवातीला गंमत वाटली.

मग एक दिवस हिरासिंग आला. म्हणाला, "उकंडदादा, शहाणेकाका बी तुमच्याच रस्त्यानं चाललं."

"म्हंजे?"

"अवो, मुतच होईना. दोन महिने झाले, कढण पिऊन राहिलं. आज बघितलं, बांधावर उभे व्हते. मी दोन ढोरं पाणी पाजून परत आलो तरी तिथंच. म्हणतात, उकंडरावाचा दगड पडला, माझा बी पडंल."

उकंडरावांनी बोटांवर मोजलं. दोन महिने! त्यांनी हिरासिंगच्याच तोंडी निरोप धाडला, की डॉक्टरकडं जा. उलट निरोप आला: मुतखड्याला डॉक्टर कशाला? कढणानं सैल होऊन राहिलाय.

तीन दिवस उकंडराव घरातल्या घरात फिरले. तातेरावांची गाठ नाकासारखी असेल तर काही नाही. पण कपाळासारखी असेल तर? प्रत्येक वाटी कढणाबरोबर खेकडा एक एक नांगी पुढं टाकत असेल, आणि ती वाटी आपण भरून दिलेली. सांगायचं म्हटलं, तर सगळ्या गावात सांगायचं कुणाला? तर तातेरावाला! हजार माणसं होती गावात. त्यातल्या दुसऱ्या कुणालाही एक वेळ सांगितलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते तातेरावांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. तातेराव ओट्यावर बसून वाटी फुंकत होते. चतुराबाईंनी उकंडरावांना पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या. या अंगणात उकंडराव वीस वर्षांत आले नव्हते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"तातेराव, ते पिऊ नको."

"काहून? गोड लागून राहिलंय."

"मला मुतखडा झालाच नव्हता."

तातेरावांनी वाटी खाली ठेवली. "मंग तो दगड?"

"पूर्णेच्या टेसनातला हाय."

उकंडरावांनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. बैल, सलोत्री, बोट, नाक आणि कपाळ, खेकडा. मोठ्या दवाखान्यापर्यंत आले आणि अडकले. तुरीच्या ओळी मोजायला समोर रानही नव्हतं.

"मंग काय केलं तुला?" तातेरावांनी विचारलं.

"मला... शहाणा केला."

तातेरावांचा चेहरा कठीण झाला. "येवढ्या सकाळी पुन्यांदा माझी मस्करी करायला आलास?"

"न्हाई रे!"

"वीस वर्सं झाली. अजून पोट भरलं न्हाई तुझं?"

"तातेराव, आईची आण. खरं सांगून राहिलो. दाखवू का?" आणि उकंडरावांचा हात खरंच धोतराच्या गाठीकडं गेला.

"नको, नको! बस तिथं!" तातेराव घाईनं म्हणाले. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

उकंडराव ओट्याच्या कडेला बसले. तातेरावांनी हसावं, म्हणून ते वाट बघत होते. हसले असते तर बरं झालं असतं. तातेराव हसले नाहीत.

"त्या पंगतीत मी जे बोललो..." उकंडराव म्हणाले.

"कोणत्या पंगतीत?"

"ती... तुला ठावं हाय."

"मला ठावं हाय. तू सांग. काय बोलला व्हतास?"

उकंडरावांनी सांगितलं. तोच विनोद, शब्दाला शब्द. पण त्या वेळी कसा झरकन निघाला होता! आता एक एक शब्द थेंब थेंब निघाला. दाराआड चतुराबाई उभ्या आहेत, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी सगळं म्हणून टाकलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं. चूक झाली, असं म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

तातेरावांनी कढण अंगणात ओतून दिलं. "गाडी जुंपतो," ते म्हणाले. "तू चल संगं. मला त्या डाक्तरशी काय बोलायचं ते सुचणार न्हाई."

हिंगोलीत डॉक्टरांनी मोजा चढवला तेव्हा उकंडराव दाराबाहेर उभे होते. आतून तातेरावांचा मोठ्यानं निषेध ऐकू आला. मग शांतता. मग डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आपल्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं.

उकंडराव तिथंच पायरीवर बसले.

तातेरावांची गाठ म्हातारपणाची होती. नळी घालून तुंबलेलं काढलं, चार दिवस ठेवून घेतलं. पुढं पुन्हा अडलं तर शस्त्रक्रिया, नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं. पाचव्या दिवशी उकंडराव गाडी घेऊन त्यांना आणायला गेले. परतीच्या रस्त्यावर अर्ध्यापर्यंत दोघंही बैलांशीच बोलत होते.

"गावात काय सांगू?" शेवटी तातेरावांनी विचारलं.

उकंडराव पुढं बघत राहिले. चार दिवस याच प्रश्नाची त्यांना धास्ती होती. आता तातेरावांना काही झालं नव्हतं. आता गप्प राहिलं, तरी कुणी मरणार नव्हतं. निदान तातेराव नव्हते मरणार. पण पुसेगावात कुळीथ शिजत होता. पारावर रोज शेजारी बसणारा संतराम पीत होता, त्याचा चुलता पीत होता. त्यांतल्या कुणाची गाठ कशी लागते, कुणाला माहीत होतं?

"झालं ते सांग," ते म्हणाले.

"समदं?"

"समदं. बोट, खेकडा. आन् मला काय केलं ते बी. त्याबिगर लोक डाक्तरकडं जायचे न्हाईत. मला सांगवत न्हाई, तातेराव. तू सांग."

"मला कसं बी सांगता येतं, उकंडराव. मीठ लावून सांगता येतं."

"तुझा हक्क हाय," उकंडराव म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "फकस्त मी नसताना सांग."

गावाच्या अलीकडं हरभऱ्याच्या रानापाशी त्यांनी गाडी थांबवली, कासरा तातेरावांच्या हातात दिला आणि खाली उतरले. ऊन कलायला लागलं होतं. गाडी वळणाआड गेली. उकंडराव बांधावर बसले आणि मनातल्या मनात तिच्यामागून चालू लागले. आता ओढ्यात उतरली असेल. आता चढावर. आता पारापाशी कुणीतरी म्हणालं असेल, "काय शहाणेकाका, पडला का दगड?" आता तातेरावानं कासरा बाजूला ठेवला असेल. आता सलोत्र्याचे बूट. आता बोट.

त्यांचे कान तापले. त्यांनी हरभऱ्याचा एक टहाळा उपटला, पण सोलला नाही.

मग आलं. गावाकडून, वाऱ्याबरोबर, बऱ्याच माणसांचं एकदम फुटलेलं हसू. कमी झालं, पुन्हा उसळलं. कुठल्या वाक्याला आलं असेल, ते त्यांना इथं बसून सांगता आलं असतं. त्यानंतर मात्र बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि ती शांतता त्यांना हसण्याहून जड गेली. ही जागा कपाळाची असेल का, हाडातल्या डागांची? का तातेरावानं पंगतीचं काढलं?

अंधार पडेपर्यंत थांबावं आणि मागच्या बाजूनं घरात शिरावं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की संतरामला विचारायचं असेल तर तो आत्ताच विचारील. उद्या त्यालाही लाज वाटेल. उकंडराव उठले. धोतर झटकलं, उपरणं नीट केलं, आणि सरळ रस्त्यानं, पाराच्याच बाजूनं, गावाकडं चालायला लागले.